मनोरा आला, माइक कुठे?

२८ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी देशात आकाशवाणीचे ९१ नवे एफएम प्रक्षेपक सुरू झाले. १८ राज्ये, २ केंद्रशासित प्रदेश, ८४ जिल्हे आणि प्रत्येक प्रक्षेपक १०० वॅटचा. आकडे वाचून कुणालाही वाटावे की एवढ्या लहान गावांना एका दिवसात स्वतःचे रेडिओ केंद्र मिळाले. तसे काही झालेले नाही. हा १०० वॅटचा प्रक्षेपक दुसऱ्या केंद्राचा आवाज उचलतो आणि आजूबाजूच्या दहा-पंधरा किलोमीटरांत सोडतो. तिथे स्टुडिओ नसतो, निवेदक नसतो, कार्यक्रम अधिकारी नसतो. मनोरा गावातून दिसतो, पण गावातल्या कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर त्याने जायचे कुठे, हे त्या मनोऱ्याखाली उभे राहून कळत नाही.

लहान गावांच्या रेडिओबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर हळवा असतो: सकाळची संकेतधून, भक्तिगीते, ओट्यापाशी लावलेला ट्रान्झिस्टर, गेले ते दिवस वगैरे. दुसरा हिशेबी असतो. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने प्रसारण-सुविधांसाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली, तिचे उद्दिष्टच टक्क्यांत मांडलेले होते: एफएम ५९ टक्के भूभागावर ऐकू येते ते ६६ टक्क्यांवर यावे, ६८ टक्के लोकांपर्यंत पोहोचते ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचावे. हळव्या माणसाला जुना आवाज हवा असतो आणि हिशेबी माणसाला दूरवर जाणारा. त्या गावातून बोलते कोण, हे दोघेही विचारत नाहीत. गेल्या सत्तर वर्षांत गावाला ऐकवायची सोय आपण वाढवत नेली आणि गावाने बोलायची सोय आटवत आणली, असे माझे म्हणणे आहे. हे तंत्रज्ञानामुळे आपोआप घडलेले नाही. वेळोवेळी घेतलेल्या, किंवा मुद्दाम न घेतलेल्या, निर्णयांमुळे घडले आहे. म्हणून ते बदलताही येईल.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात आकाशवाणीची केंद्रे होती सहा. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. ती ११ टक्के लोकांपर्यंत आणि अवघ्या अडीच टक्के भूभागावर पोहोचत. अशा वेळी आधी पोहोच वाढवा म्हणणाऱ्यांचे काही चुकत नव्हते. १६ जुलै १९४८ला नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ला पुणे केंद्र सुरू झाले. पुणे केंद्र म्हटले की गीतरामायण आठवते, आणि ते आठवावेच. १ एप्रिल १९५५ला ते सुरू झाले तेव्हा केंद्र जेमतेम दीड वर्षाचे होते. इतक्या कोवळ्या केंद्राने वर्षभर दर आठवड्याला नवे गाणे द्यायचे ठरवले, हे आज कुठल्या केंद्राला आपल्या अधिकारात ठरवता येईल का, याचा विचार केला तर त्या धाडसाची किंमत कळते. पण गीतरामायणाचे शेवटचे आठवडे चालू असतानाच त्याच केंद्रावरून दुसरा एक प्रयोग चालला होता. मराठी माणूस तो जवळजवळ विसरला आहे. लहान रेडिओच्या इतिहासात मी त्याला गीतरामायणापेक्षा वरची जागा देईन.

१९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या मदतीने, पाच मराठी भाषक जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे उभी केली गेली. कल्पना मुळात कॅनडाची. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतकऱ्यांची अशी मंडळे चालत. एकेका मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे एकंदर वीस कार्यक्रम. मंडळी आधी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर चर्चा करत. चर्चेचे टिपण आणि अडलेले प्रश्न निमंत्रकाने पुणे केंद्राला कळवायचे आणि केंद्राने पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यायची. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. रेडिओकडून गावाकडे जाणाऱ्या वाटेवरून गावाचे म्हणणे उलट रेडिओकडे येऊ लागले होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. तुलनेसाठी काही गावे अशी घेतली होती की जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काही अशी की जिथे रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत पडलेला फरक त्यापुढे किरकोळ होता. न्यूराथ यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे: ही मंडळे बघता बघता गावातले निर्णय घेणाऱ्या संस्था होऊ लागली होती आणि सामायिक कामे निवडून आलेल्या ग्रामपंचायतीपेक्षाही लवकर मार्गी लावू शकत होती.

म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर आज कोट्यवधी रुपये खर्चून शोधायचे चालले आहे, ते १९५६मध्येच मिळाले होते. गावात आवाज पोहोचवून फारसे काही होत नाही. गावाला त्या आवाजाला उत्तर देता आले तर पुष्कळ होते. १९५९पासून हा कार्यक्रम देशभर नेण्यात आला. मंडळांची संख्या हजारांत गेली आणि जीव मात्र गेला. कारण संख्या वाढवणे सोपे असते. प्रत्येक मंडळाच्या पत्राला उत्तर द्यायला माणसे लागतात, आणि माणसे वाढवली नव्हती. उत्तर येईनासे झाले की पत्र लिहिणाराही थांबतो. ही गोष्ट या कथेत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे मात्र बरी गेली. १९६३ला सांगली, १९७७ला रत्नागिरी, मधल्या वर्षांत परभणी आणि जळगाव. ही केंद्रे खऱ्या अर्थाने त्या त्या भागाची होती. दिवसाच्या तीन सभा असत. त्यांत बाजारभाव, पीकपाणी, वनिता मंडळ, कामगार सभा, मुलांचे कार्यक्रम यांची जागा ठरलेली असे. मुंबईच्या प्रमाण मराठीला जिथे ऐकणारा लाजून गप्प बसला असता तिथे मालवणी, अहिराणी बोलणारी पात्रे श्रुतिकांमधून घरात शिरली. स्वरपरीक्षा देऊन ‘बी’ श्रेणी मिळवलेला तालुक्याचा भजनी किंवा सनईवाला वर्षातून काही वेळा केंद्रावर येई, मानधनाचा धनादेश घेई आणि गावात त्याची पत वाढे. नाटक, लोकसंगीत, शेती यांत आज नावाजलेल्या कितीतरी माणसांना पहिला माइक याच केंद्रांनी दिला.

पण हळव्या सुरात सामील होण्याआधी हेही नोंदवायला हवे की या केंद्रांवरून नगरपालिकेला किंवा जिल्हाधिकाऱ्याला प्रश्न विचारला गेल्याचे कुणी ऐकले नाही. आकाशवाणी सरकारी खाते होते आणि खाते खात्याला अडचणीत आणत नाही. आणीबाणीत तर ते किती खाते आहे हे साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर आलेल्या जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. १९७८च्या त्याच्या अहवालाने ‘आकाश भारती’ या स्वायत्त प्रसारण संस्थेची शिफारस केली. स्वायत्तता एवढीच आपण त्यातून लक्षात ठेवली. त्याच अहवालात निर्णय खाली उतरवण्याचा, स्थानिक केंद्रांचा आणि शैक्षणिक संस्थांना प्रसारणाची परवानगी देण्याचाही आग्रह होता. दिल्लीतल्या प्रसारण संस्थेला दिल्लीतल्या सरकारपासून मोकळे करणे हे अर्धेच काम. सांगलीच्या केंद्राला दिल्लीपासून मोकळे करणे हे उरलेले अर्धे. पहिल्यासाठी १९९०चा प्रसार भारती कायदा झाला आणि तो लागू व्हायला १९९७ उजाडले. दुसऱ्यासाठी काहीच झाले नाही.

नाही म्हणायला एक पाऊल पडले होते. ३० ऑक्टोबर १९८४ला तमिळनाडूच्या टोकाला, नागरकोइलला, आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. राष्ट्रीय आणि प्रादेशिक या दोन स्तरांखाली तिसरा स्तर आला: एक केंद्र, एक जिल्हा. महाराष्ट्रात नगर, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, बीड, नांदेड, धुळे, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर अशी ही केंद्रे पुढच्या दहा-बारा वर्षांत उभी राहिली. यांतल्या बहुतेकांना एफएम प्रक्षेपक मिळाले. आवाका जिल्ह्याएवढाच ठेवला होता आणि तो मुद्दाम ठेवला होता. स्टुडिओत पाहुणे बोलावण्यापेक्षा टेपरेकॉर्डर घेऊन माणसांत जायचे, शेताच्या बांधावर, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर ध्वनिमुद्रण करायचे, अशी या केंद्रांची रीत ठरलेली होती. आपल्या प्रसारणाच्या इतिहासात कागदावर याहून चांगली योजना मला दिसत नाही.

पण टेपरेकॉर्डर घेऊन बाहेर जायला माणूस लागतो. कार्यक्रम विभागातली नियमित भरती वर्षानुवर्षे रखडली. निवृत्त होणाऱ्याची खुर्ची रिकामी राहू लागली आणि काम हंगामी निवेदकांवर आले, ज्यांना महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळत. महिन्यातले सहा दिवस कामावर असलेला माणूस गाण्यांमधली निवेदने उत्तम करील. ओढ्यावरचा पूल तीन वर्षे अर्धवट का आहे याचा पाठपुरावा तो कसा करणार? मग रिकाम्या वेळात मोठ्या केंद्राचे सहक्षेपण लावणे, म्हणजे तिथला कार्यक्रम जसाच्या तसा ऐकवणे, हा सोयीचा मार्ग होता. आधी दुपारी, मग संध्याकाळी. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ड्युटी ऑफिसरला प्रसारणात खंड पडू द्यायचा नसतो आणि सहक्षेपणात खंड पडत नाही. केंद्र चालू आहे असे कागदावर दिसत राहते आणि हळूहळू तेही त्या १०० वॅटच्या मनोऱ्यासारखेच होऊन जाते.

जून २०२३मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुणेकर तक्रार करण्यात तरबेज असल्याने ओरड झाली आणि आदेशाला स्थगिती मिळाली. हाच आदेश धुळ्याच्या किंवा यवतमाळच्या केंद्राबाबत निघाला असता तर मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत किती रकाने भरले असते? ब्रिटनमध्ये बीबीसीचे पहिले स्थानिक केंद्र ८ नोव्हेंबर १९६७ला लेस्टरला सुरू झाले. २०२३मध्ये बीबीसीने स्थानिक केंद्रांचे दुपारी दोननंतरचे बरेच कार्यक्रम शेजारच्या केंद्रांमध्ये वाटून घ्यायचे ठरवले, तेव्हा कर्मचारी संपावर गेले आणि खासदारांनी जाब विचारला. कपात तिथेही टळली नाही. पण ती कपात आहे हे तरी सगळ्यांना कळले. आपल्याकडे ती अंतर्गत परिपत्रकाने होते आणि श्रोत्याला एके दिवशी नुसते वेगळेच कार्यक्रम ऐकू येऊ लागतात.

आता सरकारी केंद्रे बाजूला ठेवू. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात सांगितले की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. १८८५च्या तार कायद्यावर पोसलेल्या व्यवस्थेला हा मोठा धक्का होता. त्यातून आधी खाजगी एफएम आले, लिलावाने. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याची लहर, आणि म्हणून मोठी शहरे आणि तीच ती गाणी. मग डिसेंबर २००२मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची, म्हणजे आपल्या परिसरातल्या लोकांसाठी छोटे केंद्र चालवण्याची, परवानगी मिळाली. २००८मध्ये तेलंगणातल्या तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी चालवलेला ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. त्याच वर्षी आपल्याकडे माण तालुक्यात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. दुष्काळी पट्ट्यातल्या बायकांना बचत, पाणी, जनावरे, तब्येत यांवर आपल्या बोलीत बोलायला मिळू लागले. वर्गीज गटाने सुचवल्याला तोवर तीस वर्षे झाली होती.

परवानगी मिळाली ती तोंडावर पट्टी बांधून. सामुदायिक असो वा खाजगी, या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवायचे. ‘बातमी’ कशाला म्हणायचे नाही याची यादी मात्र खाजगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या नियमांत आहे: वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नैसर्गिक आपत्ती आणि स्थानिक प्रशासनाने पुरवलेली वीज-पाण्याची माहिती. हे चालते. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही, हे गावच्या रेडिओला सांगता येते. का येणार नाही, हे विचारता येत नाही. जलवाहिनीच्या दुरुस्तीचे पैसे मंजूर होऊनही काम झालेले नसेल तर ते सांगणे म्हणजे बातमी, आणि बातमी द्यायला बंदी.

त्याच गावातला माणूस हीच गोष्ट साप्ताहिकात छापू शकतो, केबलवाल्याच्या वाहिनीवर वाचू शकतो, फोनवर चित्रफीत काढून साऱ्या जगाला दाखवू शकतो. फक्त रेडिओवर बोलू शकत नाही. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे डेटा नाही, जो शेतात किंवा बोटीवर आहे, अशा माणसापर्यंत सर्वांत स्वस्तात पोहोचणारे माध्यम नेमके तेवढे मुके ठेवायचे, याला कुठले तर्कशास्त्र म्हणावे? ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. सरकारची बाजू ठरलेली आहे: इतक्या केंद्रांवर देखरेख कोण ठेवणार, सुरक्षेचे काय? याला उत्तर परवान्याच्या अटींतच आहे. सामुदायिक केंद्राला प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावाच लागतो. तक्रार आली की ध्वनिमुद्रण मागवा. व्हॉट्सॲपवरच्या अफवेचा मूळ धनी सापडत नाही; रेडिओ केंद्राचा पत्ता, परवाना, सगळे सरकारकडे नोंदलेले असते. इतके पकडीत असलेले माध्यम दुसरे नसेल. सप्टेंबर २०२३मध्ये खुद्द दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्या आणि चालू घडामोडींची मुभा द्यावी. हे कुणा चळवळ्यांचे पत्रक नव्हे, सरकारनेच नेमलेल्या नियामकाचे म्हणणे आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो सरकारपेक्षा गावातले लोक अधिक चांगला मांडतात. उद्या बातम्यांची मुभा दिली तर रेडिओ कुणाच्या हातात जाईल? ज्याचे कॉलेज, ज्याची पतपेढी, ज्याचा कारखाना, त्याच्याच. शैक्षणिक संस्थेला परवाना द्यायचा आणि ती संस्था कुणाची हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिथल्या रेडिओवर साहेबांच्या वाढदिवसाची बातमी येईल, कारखान्याच्या थकीत बिलांची येणार नाही. ही भीती रास्त आहे आणि ती कुठल्याही नियमाने पूर्ण जाणार नाही. पण बातमीबंदी या भीतीवरचा उपाय ठरत नाही, कारण बातमीबंदी साहेबांना अडवतच नाही. त्यांच्याकडे वर्तमानपत्र आहे, समाजमाध्यमे सांभाळणारी पोरे आहेत. बंदी अडवते ती म्हसवडच्या बाईला. उपाय असलाच तर एकाच गावात एकाहून अधिक आवाज असू देण्याचा आहे. कॉलेजचा एक, बचत गटांच्या संघाचा एक आणि आकाशवाणीचे स्थानिक केंद्र, ज्याच्यावर निदान संसदेत प्रश्न विचारता येतो. म्हणूनच खाजगी आणि सामुदायिक रेडिओ आला की आकाशवाणीच्या लहान केंद्रांची गरज संपली, हे मला पटत नाही. तिसरा आवाज नसेल तर पहिले दोन एकमेकांशी जुळवून घेतात.

नेपाळने हे करून दाखवले आहे. काठमांडूचा ‘रेडिओ सगरमाथा’ १९९७मध्ये सुरू झाला; दक्षिण आशियातला पहिला स्वतंत्र सामुदायिक रेडिओ तो. पुढे डोंगरी जिल्ह्यांत अशी केंद्रे पसरली आणि ती बातम्याही देत आली. २००५च्या फेब्रुवारीत राजाने सत्ता हातात घेतली तेव्हा एफएमवरच्या बातम्या बंद करण्यात आल्या. या छोट्या केंद्रांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. गरीब, दुर्गम आणि त्या काळात सशस्त्र संघर्षाने होरपळलेला देश होता तो. त्याला जे धोक्याचे वाटले नाही ते आपल्याला वाटते.

‘आता रेडिओ ऐकतो कोण’ असे विचारणाऱ्यांना मी कृष्णाकाठी न्यायला तयार आहे. पूर चढू लागला की सांगलीच्या माणसाला एकच आकडा हवा असतो: आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४०ला इशारा, ४५ला धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचा, ३९ आणि ४३. कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीतून पुढे किती जात आहे, कुठला रस्ता बंद झाला, कुठल्या शाळेत सोय केली आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये दोन्ही शहरे पाण्यात असताना हे आकडे फोनवरून फिरत होते, खरे आणि खोटे एकत्रच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी गावांत दिवसचे दिवस ना वीज होती ना मोबाइलला रेंज. पेन्सिल सेलवर चालणारी वस्तू घरात असेल तर ती रेडिओच. फोनमध्ये एफएमची सोय काढून टाकू नका, असे केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३मध्ये उत्पादकांना कळवले ते आपत्तीचे कारण देऊनच. सूचना चांगली आहे. पण त्या एफएमवर दिवेआगरचा माणूस ऐकणार काय? वादळ येऊन गेल्यावर त्याला मुंबईच्या केंद्रावरची विश्लेषणे नको असतात. पत्रे कुठे मिळतील, पंचनाम्याला तलाठी कधी येणार, कुठल्या विहिरीचे पाणी पिऊ नये, हे हवे असते. ते सांगायला त्या परिसरात उघडा माइक लागतो, आणि तो वादळाच्या दिवशी एकाएकी उभा करता येत नाही. रोज संध्याकाळी ज्याचा आवाज ऐकला त्याच्यावरच माणूस त्या रात्री विश्वास ठेवतो.

एरवीची वर्षे मग काय करायचे, असा हिशेबी सूर पुन्हा लागेलच. एरवीची वर्षेच महत्त्वाची आहेत. जिल्ह्याची बोली, ओव्या, पोवाडे, दुष्काळाच्या आठवणी, जुने शेतकरी, विझत चाललेले व्यवसाय, हे सगळे या केंद्रांनी टेपांवर उतरवून घेतले होते. त्यातले बरेचसे पुसून त्याच टेपांवर नवे कार्यक्रम भरले गेले, कारण टेप महाग होती आणि जपून ठेवण्याजोगे काय, याचा निर्णय वरून होत असे. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या गवयांचे ध्वनिमुद्रण वाचले. बीडच्या ऊसतोड बाईची मुलाखत वाचवावी असे कुणाला वाटणार होते? जे अजून कपाटांत आहे ते निदान त्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाच्या किंवा ग्रंथालयाच्या हाती द्या. त्याला कोटींची योजना लागत नाही.

मग करायचे काय? नव्या ९१ मनोऱ्यांपाशी एक खोली बांधा. दोन माइक, एक संगणक आणि पूर्ण वेळ पगारावर दोन माणसे. त्यांना दिवसाचे दोन तास द्या. उरलेले बावीस तास खुशाल सहक्षेपण करा. जिल्हा केंद्रांतल्या रिकाम्या जागा भरा आणि हंगामी निवेदकांवरची सहा ड्युट्यांची मर्यादा उठवा. स्थानिक जाहिरातींतून आलेला पैसा, कितीही थोडा असो, त्याच केंद्राने खर्च करावा. जिल्ह्याच्या केंद्राने संध्याकाळी काय लावायचे हे जिल्ह्याच्या केंद्रात ठरावे. यातली एकही गोष्ट नवीन नाही. १९५६च्या मंडळांना, १९७८च्या अहवालाला आणि १९८४च्या नागरकोइलला यातले बहुतेक सगळे माहीत होते.

आणि बातम्यांचे तर आत्ताच ठरवायला हवे. २८ ऑगस्ट २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. ७८४ कोटी ८७ लाखांची राखीव किंमतही ठरली. ही सगळी लहान शहरे आहेत, जिथे आजवर खाजगी एफएम गेलेले नाही. मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल, असे सरकारने हा निर्णय जाहीर करताना म्हटले आहे. तर मग ट्रायची ती दहा मिनिटे परवान्याच्या अटींत का नकोत? मी तर म्हणेन, नुसती मुभा नको, ती सक्तीची करा: दिवसातून किमान दहा मिनिटे त्या शहराची, त्या शहरातून, त्या शहरातल्या माणसाने दिलेली बातमी. आणि सामुदायिक केंद्रांना ती मुभा आधी द्या, कारण त्यांनी कुणाच्या लिलावात बोली लावलेली नाही. एकदा परवाने वाटून झाले की ते पंधरा वर्षांसाठी असतात. बार्शीच्या किंवा नंदुरबारच्या नगरपालिकेच्या सभेत काय झाले हे तिथल्या रेडिओवर ऐकायचे की त्या वेळी आणखी एक गाणे ऐकायचे, हे पुढच्या पंधरा वर्षांपुरते त्या कागदावर ठरून जाईल.